प्रकरण ७ : चातीवरचे सूत

सेवाग्रामला येणारा प्रत्येक जण बापूकुटीशी थबकतो. मातीच्या भिंती, वर कवेलू, आत चटई. त्याच आवारात एक जुना टेलिफोनही जपून ठेवलेला आहे. त्याच्यासमोर मात्र फारसे कोणी रेंगाळत नाही. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे आले तेव्हा वर्ध्याहून गावात यायला धड रस्ताही नव्हता. पण पुढे देशाचे राजकारण या मातीच्या घरातून हलू लागले, आणि दिल्लीहून थेट बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगोच्या कारकिर्दीत सरकारनेच इथे फोन बसवून दिला.

त्या फोनने कुटी जागची हलली नाही आणि व्हाइसरॉयचा वाडाही हलला नाही. मधल्या हजारेक किलोमीटरवरून गेले ते केवळ बोलणे. या प्रकरणात आपण जी जोडणी बघणार आहोत, तिचे मर्म हेच. डेस्कटॉप घरी टेबलाखाली असतो, आपण पंगतीत, गाडीत किंवा शेताच्या बांधावर असतो, आणि खिशातल्या फोनवरून जातात ती चार अक्षरे.

काम तिथे, हात इथे

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी सिंदीला होतो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आमच्या वर्धा जिल्ह्यात नावाजलेला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरे लाकडी बैल सजवून निघतात आणि बघायला आजूबाजूची गावे लोटतात. त्या गर्दीत हिंगणघाटच्या एका कृषी केंद्रवाल्याचा फोन आला. बियाणे-खतांच्या दुकानाचा त्याचा बिलांचा प्रोग्राम मी लिहिलेला.

“भाऊ, बिलावर जीएसटी दोनदा लागून राह्यला. गिऱ्हाईक भांडून राह्यलं ना.”

प्रोग्रामचा कोड वर्ध्याला, घरच्या डेस्कटॉपवर. माझ्याजवळ एक फोन, त्यात साठ टक्के बॅटरी. लॅपटॉप मी बाळगत नाही. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, त्याची मेमरी वाढवता येते, आणि एखादा सुटा भाग गेला तर तेवढाच बदलून काम भागते. हिशेब चोख आहे, फक्त तो डेस्कटॉप पाठीवर टाकून सिंदीला नेता येत नाही.

ही अडचण २०२० साली हजारो घरांत एकदम उभी राहिली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पुण्या-हैदराबादेत नोकरीला असलेली मुले गावी परतली आणि त्यांची यंत्रे कचेऱ्यांत राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने नियम सैल केले आणि आयटी कंपन्यांना घरून काम देणे सोपे झाले. पण दूरच्या यंत्रावर काम करण्याची कला टाळेबंदीने जन्माला घातलेली नाही. संगणक खोलीएवढा होता तेव्हापासून लोक दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या गावातून तो वापरत आले आहेत. नवे आहे ते एवढेच, की आता पलीकडचे टोक तळहातावर मावते.

दोन किलोबाइटची खिडकी

दूरचा संगणक फोनवर दिसण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात डेस्कटॉपच्या पडद्याचे चित्रच फोनवर येते. माउसचा बाण, खिडक्या, रंग, सगळे काही. क्रोम रिमोट डेस्कटॉपसारखी साधने हे करतात. समजायला सोपे, पण प्रत्येक हालचालीला नवे चित्र पाठवावे लागते, आणि चोवीस इंची पडदा सहा इंचांत कोंबला की अक्षरे मुंग्यांएवढी होतात.

दुसरा मार्ग अक्षरांचा. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची, यंत्राने अक्षरांतच उत्तर द्यायचे. याला टर्मिनल म्हणतात. जुन्या टर्मिनलचा ठरलेला आकार ८० अक्षरे रुंद आणि २४ ओळी उंच. हा ८०चा आकडा आयबीएमने १९२८ साली काढलेल्या ८० स्तंभांच्या छिद्रकार्डापासून चालत आला आहे. ८० गुणिले २४ म्हणजे १,९२० अक्षरे. इंग्रजी अक्षराला एक बाइट धरला तर अख्खा पडदा दोन किलोबाइटच्या आत बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारे फुलांचे एक ‘शुभ सकाळ’ याच्या कितीतरी पट जड असते.

म्हणून जिथे चित्र अडते तिथे अक्षरे पोहोचतात. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या एखाद्या गावात, फोनवर नेटवर्कची एकच काडी दिसत असतानाही, टर्मिनल चालते. कोड हा शेवटी मजकूरच. तो वाचायला, बदलायला आणि चालवायला अक्षरांची खिडकी पुरते. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी टर्मक्स नावाचे मोफत अ‍ॅप आहे, आयफोनवर ब्लिंक किंवा टर्मियस. या प्रकरणात आपण अक्षरांच्याच वाटेने जाणार आहोत.

सेगाव की शेगाव?

पहिला प्रश्न पत्त्याचा. गांधीजी आले तेव्हा सेवाग्रामचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातले गजानन महाराजांचे शेगाव तेव्हाही प्रसिद्ध, रेल्वे स्टेशन असलेले. गांधीजींच्या टपालाचे गठ्ठे सेगावऐवजी शेगावला जाऊ लागले. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९४० साली गावाचे नावच बदलून सेवाग्राम केले. माणूस कितीही मोठा असो, पत्ता एकमेव नसेल तर पत्र भलतीकडे जाते.

तुमच्या डेस्कटॉपचा पत्ता तर सेगावपेक्षाही वाईट अवस्थेत आहे. घरच्या राउटरने त्याला दिलेला आकडा बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तोच आकडा शेजारच्या घरात आहे, आर्वीत आहे, ब्राझीलमध्येही आहे. हे पत्ते घराच्या भिंतीआड वापरण्यासाठीच राखून ठेवलेले. जगाच्या रस्त्यावर त्यांना किंमत नाही.

असे का, तर पत्ते संपले. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि जगात माणसे त्याहून जास्त. म्हणून एका घराला मिळून एक खरा पत्ता देण्याची युक्ती निघाली. आतल्या सगळ्यांचे टपाल राउटर आपल्या नावाने पाठवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्याला देतो. पुढे तेवढेही पुरेना, तेव्हा सेवा देणाऱ्या कंपन्यांनी शेकडो घरे मिळून एकच पत्ता वापरायला सुरुवात केली. कंपनीच्या आतल्या या पत्त्यांसाठी २०१२ साली १००.६४ पासून सुरू होणारा वेगळा गट राखून ठेवला गेला. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, पत्त्यांचा तुटवडा नाही. आपल्याकडच्या मोबाइल जाळ्यांनी ती बरीच स्वीकारली आहे, पण गल्लीतल्या केबलवाल्याच्या ब्रॉडबँडवर ती असेलच असे नाही.

परिणाम असा, की घरातून बाहेर जाता येते, बाहेरून घरात येता येत नाही. सिंदीहून माझ्या फोनने हाक मारली तर ती कंपनीच्या दारापर्यंत येते. त्या दारामागे शंभर घरे, त्यातले माझे कोणते, हे दाराला माहीत नसते.

यावर उपाय गावकीतलाच आहे. दोघांनाही एकमेकांच्या घरी जाता येत नसेल तर दोघांनी चौकात यावे. डेस्कटॉप घरातून निघून चौकातल्या एका सर्व्हरला सांगतो, ‘मी इथे आहे’. फोनही तेच सांगतो. चौकातला मध्यस्थ दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा देतो. मग दोघेही एकाच वेळी एकमेकांकडे टपाल धाडतात. दोन्ही बाजूंच्या राउटरांना वाटते, आपल्याच माणसाने आधी पत्र लिहिले, हे त्याचे उत्तर असणार. दोन्ही दारे उघडतात आणि मध्यस्थ बाजूला होतो. क्वचित दारे उघडतच नाहीत. तेव्हा मध्यस्थच पाकिटे इकडून तिकडे पोहोचवतो, पण ती सीलबंद असल्याने त्याला आत डोकावता येत नाही.

२०१९ पासूनची टेलस्केल ही कॅनडातली कंपनी नेमके हेच करते. वैयक्तिक वापराला मोफत आहे. तिची पाकिटे सील करण्याचे काम वायरगार्ड करते. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा आटोपशीर प्रोग्राम मार्च २०२० मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातच सामील झाला. दोन्ही यंत्रांवर टेलस्केल टाकून एकाच खात्याने आत गेले की त्यांना १०० ने सुरू होणारे कायमचे पत्ते मिळतात. त्यानंतर डेस्कटॉप वर्ध्यात आहे आणि फोन सिंदीत, हे त्या दोघांच्या गावीही नसते. चौक दुसऱ्याच्या मालकीचा नको असेल त्यांच्यासाठी हेडस्केल आहे. स्वतःचा सर्व्हर घ्यायचा आणि स्वतःचा चौक मांडायचा.

कुलूप घरी, किल्ली खिशात

पत्ता सापडला, आता दार. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यावर कान लावून लोकांचे पासवर्ड चोरले. त्या काळी दूरच्या यंत्रात शिरायला टेलनेट वापरत, आणि टेलनेट पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा पाठवत असे. तिथले संशोधक तातू उलोनेन यांनी वैतागून त्याच वर्षी एक नवा प्रोग्राम लिहिला. त्याचे नाव सिक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच. टेलनेटचा दरवाजा क्रमांक २३, फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा २१. मधला २२ रिकामा होता, तो उलोनेन यांनी मागून घेतला. आज जगभरचे सर्व्हर याच २२ नंबरच्या दाराने सांभाळले जातात. १९९९ साली आलेली ओपनएसएसएच ही मोफत आवृत्ती लिनक्स आणि मॅकमध्ये सर्रास असते. विंडोज १० मध्येही २०१८ पासून ती सेटिंगमधून चालू करता येते.

एसएसएचमध्ये पासवर्ड चालतो, पण वापरू नये. किल्ली वापरावी. टर्मक्समध्ये एका आज्ञेने जोडी तयार होते. एक भाग गुप्त, तो फोनमध्येच राहतो. दुसरा उघड, तो डेस्कटॉपवर ठेवायचा. उघड भाग म्हणजे कुलूप समजा. तो हरवला, कोणी पाहिला, भिंतीवर चिकटवला तरी बिघडत नाही, कारण कुलूप बघून किल्ली घडवता येत नाही. फोन दारात आला की डेस्कटॉप त्याला एक कोडे घालतो. किल्ली असलेल्यालाच ते सुटते, आणि ते सोडवताना किल्ली फोनबाहेर पडत नाही.

इथे तीन सवयी लावून घ्याव्यात. पहिली, प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी असावी. फोन हरवला तर डेस्कटॉपवरच्या यादीतून त्याची एक ओळ खोडली की काम झाले, बाकीची यंत्रे सुरक्षित राहतात. दुसरी, किल्ली चालू लागली की पासवर्डचे दार बंद करावे. तिसरी सवय जवळपास कोणालाच नसते. पहिल्यांदा जोडताना एसएसएच पलीकडच्या यंत्राचा ठसा दाखवते, अक्षरांची एक लांबलचक ओळ, आणि विचारते, ‘हेच ना ते यंत्र?’ आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी डेस्कटॉपसमोर बसलेले असतानाच तो ठसा कागदावर उतरवून घ्यावा आणि पडताळून पाहावा. सेगाव-शेगावचा घोळ इथे झाला तर टपाल नुसते भलतीकडे जात नाही, चोराच्या हातात पडते.

राउटरमध्ये भोक पाडून २२ नंबरचे दार थेट इंटरनेटला उघडण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो ऐकू नका. जगभरात रात्रंदिवस फिरणारे चोरप्रोग्राम अशी दारे शोधत असतात आणि प्रत्येकावर ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५६’ असे शब्द घासून पाहतात. आपल्या चौकाच्या वाटेने जोडले तर हे दार रस्त्यावरून दिसतच नाही.

सूत तुटते तेव्हा

सिंदीच्या गर्दीत एवढे सगळे जागेवर होते. टर्मक्स उघडले, एक आज्ञा दिली, वर्ध्याच्या डेस्कटॉपचा पडदा हातात आला. कर लावणारी फाइल शोधली, तपासण्या सुरू केल्या. एवढ्यात मिरवणूक जवळ आली, हजारो फोन एकदम चित्रे काढून पाठवू लागले आणि नेटवर्क बसले. पडदा गोठला.

नवखा माणूस इथे घाबरतो. साध्या एसएसएचमध्ये दोर तुटला की पलीकडे चाललेले कामही बहुधा मरते. अर्धवट बदललेली फाइल, अर्धी चाललेली तपासणी, सगळे वाऱ्यावर. नेटवर्क जायलाच लागते असेही नाही. मध्ये टेलस्केल नसेल तर घरातून बाहेर पडताना फोन वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर येतो तेव्हा त्याचा पत्ता बदलतो. एसएसएचच्या जोडणीची ओळख चार आकड्यांवर ठरते. दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडची दारे. त्यातला एक बदलला की जुनी जोडणी संपली.

माझी आजी पेटीचरख्यावर सूत काढायची. डाव्या हातात कापसाचा पेळू, उजव्या हाताने चाक. डावा हात मागे, वर जाई तसा धागा वाढत जाई, मग हात खाली आला की तो चातीवर, म्हणजे चरख्याच्या टोकदार सळईवर, गुंडाळला जाई. मधेच धागा तुटे. आवाज नाही, काही नाही, नुसते हाताला कळे. आजी चाक थांबवी, चातीवरचे टोक नखाने उचली, पेळूच्या तंतूंवर ठेवी आणि चाक अर्धा फेरा फिरवी. सांधा बसे. मला लहानपणी वाटे की धागा तुटला म्हणजे सगळे वाया गेले. आजी चाती दाखवायची. जेवढे कातले ते तिच्यावर होते, त्यातले एक वीतही कमी झालेले नसे.

दूरच्या यंत्रावर काम करायचे तर अशी चाती हवी. ती म्हणजे टीमक्स. २००७ सालचा हा छोटा प्रोग्राम. त्याचा थोरला भाऊ स्क्रीन १९८७ पासून आहे. टीमक्स इथे फोनवर नाही, डेस्कटॉपवर चालवायचा. तो तिथे एक पडदा उघडून ठेवतो आणि काम त्या पडद्यात चालते. फोन फक्त येऊन त्या पडद्याला जोडून घेतो. दोर तुटला तर पडदा जिथल्या तिथे, त्यातली तपासणी चालूच. परत आलात, ‘जोड’ अशी आज्ञा दिलीत की तोच पडदा, तीच ओळ. सिंदीहून गोठलेला पडदा रात्री घरी मोठ्या स्क्रीनवर उघडला तरी तोच दिसतो. विंडोजवाल्यांना यासाठी विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय घ्यावी लागते.

चातीची सोय झाली, पण दर वेळी वाकून टोक उचलायचे ते आपल्यालाच. तेही आपोआप व्हावे म्हणून मॉश आहे. एमआयटीत कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी तो २०१२ साली मांडला. मॉश चार आकड्यांच्या ओळखीवर विसंबत नाही. फोनकडून आलेले प्रत्येक पाकीट किल्लीने पटले की झाले. ते ज्या पत्त्यावरून आले तिकडे डेस्कटॉप पुढचे उत्तर धाडतो. म्हणून वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर या, फोन खिशात ठेवून दोन तास झोप काढा, पडदा तुमची वाट बघत असतो.

मॉशची दुसरी करामत त्याहून सुंदर. साध्या एसएसएचमध्ये तुम्ही ‘क’ दाबला की तो वर्ध्याला जातो, तिथून परत येतो आणि मग पडद्यावर दिसतो. मंद नेटवर्कवर ही ये-जा अर्ध्या सेकंदाची होते. मॉशच्या कर्त्यांनी एका ३जी जाळ्यावर मोजली तेव्हा मधला आकडा ५०३ मिलिसेकंद आला. अर्धा सेकंद थोडा वाटतो, पण लिहिताना प्रत्येक अक्षराला तेवढे थांबून बघा. मॉश अंदाज बांधतो, की ‘क’ दाबला म्हणजे ‘क’च उमटणार, आणि तो लगेच दाखवून टाकतो. नेटवर्क फार मंद असेल तर अंदाजाच्या अक्षराखाली रेघ मारतो. पलीकडून होकार आला की रेघ पुसतो. त्यांच्या मोजणीत दहापैकी सात वेळा असा अंदाज करता आला.

लाइन गेली

टीमक्सची चाती नेटवर्कपासून वाचवते, विजेपासून नाही. डेस्कटॉप बंद पडला की चातीसुद्धा गेली. आणि विदर्भात लाइन जाते.

माझे पहिले फजितीचे प्रकरण असेच. आर्वीला लग्नात होतो, काम अडले, फोन जोडेना. तासभर टेलस्केल, किल्ली, पत्ता सगळे तपासले. शेवटी घरी फोन केला. आई म्हणाली, “अरे, दुपारी लाइन गेली होती. गेली तशी आलीच.” लाइन परत आली होती, पण डेस्कटॉप आपण होऊन उठला नव्हता. मग आईला फोनवर सांगून पेटीचे बटण शोधायला लावले. तिने आधी तीनदा मॉनिटरचेच दाबले.

याचा इलाज डेस्कटॉपच्या बायोसमध्ये आहे, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी दिसणाऱ्या निळ्या-काळ्या पडद्यात. तिथे ‘वीज परत आल्यावर काय करायचे’ अशा अर्थाची एक सोय असते. कारखान्यातून येताना ती बहुधा ‘बंदच राहा’ यावर असते. ती ‘चालू हो’ वर ठेवायची. मग दोन गोष्टी बघायच्या. यंत्र काही वेळाने झोपी जाण्याची सोय बंद करायची, पडदा विझला तर हरकत नाही. आणि एसएसएच व टेलस्केल कोणी लॉग-इन न करताही सुरू होतात ना, हे तपासायचे. विंडोजवर टेलस्केलला ही मुभा वेगळी द्यावी लागते, आणि ती न देणे ही सहज होणारी चूक आहे.

पाच-दहा मिनिटांच्या खंडाला यूपीएस पुरतो. त्याच यूपीएसवर राउटरही जोडावा, नाहीतर डेस्कटॉप जागा आणि वाट बंद अशी गत होते. अनपेक्षित अंधाराला खरा उतारा म्हणजे कोडमधला प्रत्येक पुरा झालेला टप्पा गिटमध्ये नोंदवणे. गिट ही कोडच्या बदलांची वही, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेली. चातीवरचे सूत वेळच्या वेळी उतरवून ठेवावे तसे हे.

आता बिलाचा हिशेब. रिकामा बसलेला साधा डेस्कटॉप ५० वॅट घेतो असे धरा. चोवीस तासांचे १.२ युनिट, महिन्याचे ३६. हे नको असेल तर यंत्र बंद ठेवून हवे तेव्हा लांबून उठवता येते. वेक-ऑन-लॅन ही ती सोय. नेटवर्क कार्डाला १०२ बाइटचे एक ठरावीक पाकीट मिळाले, ज्यात त्या कार्डाचा क्रमांक सोळा वेळा घोकलेला असतो, की ते पेटी चालू करते. पण हे पाकीट घरातूनच सुटावे लागते. म्हणून घरात एक राखणदार लागतो, आणि त्याला नवे काही विकत घ्यायला नको. काच तडकलेला जुना अँड्रॉइड फोन चार्जरला लावून ठेवा, त्यात टर्मक्स आणि टेलस्केल टाका. तुम्ही त्याला हाक मारा, तो डेस्कटॉपला उठवेल.

वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर जातो, बंद खोलीत यंत्र तापते. शिवाय देवळी-हिंगणघाटकडे जिनिंगच्या आसपासच्या घरांत कापसाचे तंतू पंख्याच्या पात्यांवर पांढऱ्या बुरशीसारखे साचतात. लांबून चालणाऱ्या यंत्राचा पंखा कोणी ऐकत नाही. उन्हाळ्याआधी पेटी उघडून ब्रश फिरवणे हेही या जोडणीचेच काम.

अंगठ्यांचे काम

फोनवर अख्खा प्रोग्राम लिहायचा हट्ट धरू नये. कोडला लागणाऱ्या कंट्रोल, एस्केप, टॅब या कळा फोनच्या कीबोर्डावर नसतात. टर्मक्स त्यांची एक पट्टी खाली देते, आणि आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरले की ते कंट्रोलचे काम करते. जास्त लिहायचे तर ओटीजी अडॅप्टरने घरचाच यूएसबी कीबोर्ड फोनला जोडता येतो. तरी फोनचे खरे काम वाचणे, चालवणे, थांबवणे आणि एखादी ओळ बदलणे हेच.

अलीकडे या कामाला नवे बळ आले आहे. डेस्कटॉपवर टर्मिनलमध्ये चालणारे एआय सहायक साध्या भाषेत सांगितलेले काम घेतात, फायली वाचतात, कोड बदलतात, तपासण्या चालवतात. असा सहायक टीमक्सच्या पडद्यात सोडायचा आणि फोनवरून मधूनमधून डोकवायचे. त्याला दोन ओळी सांगायला अंगठे पुरतात. धोका असतो तो त्याच्या प्रश्नांत. ‘ही आज्ञा चालवू का?’ असे तो विचारतो आणि लहान पडद्यावर, गर्दीत, आपण ‘हो’ दाबून मोकळे होतो. काही पुसणारी आज्ञा असेल तर ती मोठ्या पडद्यावर वाचेपर्यंत थांबवावी, आणि काम गिटच्या वेगळ्या फांदीवरच करू द्यावे.

सिंदीला मला कोणाची मदत लागली नाही. मिरवणूक पुढे सरकली, नेटवर्क आले, पडदा जिवंत झाला. तपासणी संपलेली होती आणि चूक तिथेच लिहिलेली. कर धरून आलेल्या किमतीवर प्रोग्राम पुन्हा कर चढवत होता. एक ओळ बदलली, तपासण्या पुन्हा चालवल्या, गिटमध्ये नोंद केली आणि दुकानाकडे नवी आवृत्ती पाठवली. थोड्या वेळाने व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो आला. जीएसटी एकदाच.

आधी अंगणात

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिथून नयी तालीम निघाली. हाताने करता करता शिकावे, हा तिचा गाभा. या जोडणीलाही तीच शाळा लागू पडते. गावाला निघायच्या आदल्या रात्री मांडामांड करू नका. एखाद्या निवांत रविवारी अंगणात या, फोनचे वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून घरातल्या डेस्कटॉपला हाक मारा. जोडला गेला तर मुद्दाम तोडा. फोन विमान मोडवर टाका, पुन्हा काढा, टीमक्सचा पडदा आहे ना बघा. मग डेस्कटॉप नीट बंद करून भिंतीवरचे बटण घालवा, मिनिटभर थांबा, लावा, आणि तो आपण होऊन उठतो का ते अंगणातूनच पाहा. न उठणारी गोष्ट आज घरात सापडली तर दोन मिनिटांचे काम आहे. ती आर्वीच्या लग्नात सापडली तर आईला फोन करावा लागतो.

मी ही तालीम करत होतो तेव्हा आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. चौथ्यांदा भिंतीवरचे बटण घालवले तशी ती म्हणाली, “काय करून राह्यला रे सारखा?”

“सूत तोडून पाहतो,” मी म्हटले.

आजीची सून ती. सुपातून मान वर न काढता म्हणाली, “तोडाले कोणालेही येते. सांधून दाखव.”